घरात बेगमी नाही, दारात रामेन हवं

अमेरिकेच्या ईशान्य भागात हिमवादळाचा इशारा आला की दोन प्रकारचे फोटो फिरायला लागतात. पहिला सुपरमार्केटमधल्या ब्रेडच्या रिकाम्या फळीचा. खाली ओळ: 'लोक वेडे झालेत.' दुसरा त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. खिडकीबाहेर सगळं पांढरंशुभ्र, आत मऊ ब्लँकेट, मांडीवर वाफाळतं रामेन. खाली ओळ: 'कोझी.' पहिल्या फोटोतल्या माणसांना आपण हसतो, दुसऱ्या फोटोला बदाम देतो.

माझ्या मते हे बरोब्बर उलटं आहे. आदल्या दिवशी दूध-ब्रेड घेऊन घरी जाणाऱ्या बाईने काहीही चुकीचं केलेलं नाही. जाब विचारायचाच असेल तर त्या रामेनच्या वाडग्याला विचारा: बाबा रे, बाहेर फूटभर बर्फ असताना तू इथपर्यंत आलास कसा?

मी बॉस्टनजवळ राहते आणि पोटासाठी कोड लिहिते. इथल्या हिवाळ्याबद्दल एक गोष्ट लवकर कळते. वादळ सगळ्यांवर सारखंच पडतं, पण ते झेलायला सगळे सारखे नसतात. आणि कोण किती झेलणार हे बरंचसं वादळाच्या आधीच, किराणा दुकानात ठरलेलं असतं.

हसायला सोपं

दूध-ब्रेडची चेष्टा इथे जुनी आहे. १९७८च्या ६ आणि ७ फेब्रुवारीला बॉस्टनमध्ये २७ इंच बर्फ पडला. शहराला वळसा घालणाऱ्या रूट १२८ या महामार्गावर तीन हजारांहून अधिक गाड्या जागीच अडकल्या, आणि राज्यात खासगी वाहनांवर जवळपास आठवडाभर बंदी होती. न्यू इंग्लंडमधली माणसं अंदाज ऐकताच दुकानाकडे धावतात, ती सवय त्या वादळाने लावली असं म्हणतात. बॉस्टनच्या एका स्थानिक संकेतस्थळाने तर 'फ्रेंच टोस्ट अलर्ट' नावाची पट्टी चालवली आहे. दूध, अंडी आणि ब्रेड हे तीनच जिन्नस घेऊन लोक पळतात, म्हणजे वादळात सगळे फ्रेंच टोस्टच करणार! विनोद चांगला आहे, मीही हसते. पण विनोद संपल्यावर हिशोब करायला हरकत नाही.

समजा, एका दुकानावर सात हजार घरं अवलंबून आहेत आणि प्रत्येक घर आठवड्यातून एकदा किराणा भरतं. म्हणजे दिवसाला साधारण हजार घरं. आता वादळाचा अंदाज आला आणि सगळ्यांनी आपली फेरी पुढच्या दोन दिवसांत उरकायची ठरवली. दिवसाला साडेतीन हजार घरं झाली. कोणी एकही पाव जास्तीचा घेतला नाही, कोणी हपापल्यासारखं वागलं नाही, तरी फळी रिकामी होते. आमच्या धंद्यात याला 'थंडरिंग हर्ड' म्हणतात. कॅशची मुदत एकाच क्षणी संपते, सगळ्या विनंत्या एकदम सर्व्हरवर आदळतात आणि सर्व्हर बसतो. तेव्हा कोणी युजरला वेडा म्हणत नाही. ज्याने सिस्टिम बांधली त्याला मीटिंगमध्ये उभं करतात.

दूध आणि ब्रेडच आधी का संपतात, याचं कारणही साधं आहे. ते नासतात. म्हणून दुकान त्यांचा साठा करत नाही, ट्रक सतत येत राहतात. ट्रक थांबणार असं दिसलं की हीच फळी सगळ्यात आधी उघडी पडते. तांदूळ तिथेच असतो, राजम्याचे डबे तिथेच असतात. रिकामी फळी लोकांच्या हावेपेक्षा ट्रकच्या वेळापत्रकाबद्दल जास्त सांगते.

यातला एक उलटफेर मला फार आवडतो. टोयोटाची 'जस्ट इन टाइम' पद्धत रचणारे ताइइची ओनो १९५६मध्ये अमेरिकेत गेले होते. ते मोटारींचे कारखाने बघायला गेले, पण त्यांच्या मनात घर केलं ते सुपरमार्केटने. गिऱ्हाइकाने फळीवरून जेवढं उचललं तेवढंच मागून भरायचं! तीच कल्पना कारखान्यात आली, तिथून जगभर गेली. गोदाम म्हणजे अडकलेला पैसा, साठा म्हणजे उधळपट्टी, हा विचार मग दुकानातून आपल्या घरातही शिरला. फ्रिजमध्ये अर्धा लिंबू आणि सोया सॉसची पुडी, बाकी सगळं फोनमध्ये. आता आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

जिवाला बरं वाटणारं खाणं कुठून आलं

'कम्फर्ट फूड' हा शब्द आजकाल असा वापरतात, जणू ते मेन्यू कार्डवरचं एक पान आहे. पण तुम्हाला खरोखर बरं वाटायला लावणारे पदार्थ आठवून बघा. पिठलं-भात. मुगाची खिचडी आणि भाजलेला पापड. मऊ भात, तूप, मेतकूट. कुळथाची पिठी. यातला एकही पदार्थ बाजारात जाऊन करायचा नाही. हे सगळे 'घरात काहीच नाहीये' म्हणताना घरात जे असतं, त्याचे पदार्थ आहेत. बेसन डब्यात असतं, कुळीथ डब्यात असतात, मेतकूट तर मुळात साठवायलाच केलेलं. बाहेर धो-धो पाऊस, भाजी आलेली नाही, आणि तरीही ताट वाढलं जातंय, या भरवशाची ती चव आहे.

म्हणून तर कोकणात आगोटीची तयारी असते. मे संपायच्या आत मीठ, मिरच्या, सुकी मासळी, कोकम, लाकूडफाटा घरात. गोव्यात याच दिवसांत मडगावला पुरुमेंताचं फेस्त भरतं, तिथे सुकी मासळी, आटवलेल्या मिरच्या, सोलं घ्यायला आजही लोक जातात. देशावर उन्हाळ्यात गच्चीवर सांडगे, कुरडया, पापड. यातल्या कोणाला कोणी पॅनिक बायर म्हणाल्याचं ऐकिवात नाही. त्याला बेगमी म्हणत, आणि जिला ती जमत नसे तिच्या संसाराला नावं ठेवत. (नावं फक्त तिलाच ठेवत, त्याला नाही, आणि वाळवणाचं सगळं कष्टाचं काम बायकांवरच होतं, हेही विसरायचं कारण नाही. मला ती व्यवस्था परत नकोय. तिच्यातली अक्कल हवी आहे.)

अमेरिकन कम्फर्ट फूडची कुळकथाही अशीच आहे. टोमॅटो सूप हे मुळात डब्यातलं, १८९७पासून विकलं जाणारं आटवलेलं सूप. क्राफ्टचं मॅकरोनी-चीजचं खोकं आलं १९३७मध्ये, महामंदीच्या काळात. १९ सेंटमध्ये चौघांचं जेवण अशी त्याची जाहिरात होती, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या रेशनिंगने ते घराघरात नेलं. आज ज्याला 'हग इन अ बोल' वगैरे म्हणतात, ते गरिबांचं, टंचाईचं, कपाटातलं अन्न होतं. गंमत बघा, टंचाईसाठी जन्मलेलं हे खाणं आपण आता टंचाईच्याच दिवशी दुसऱ्या कोणाला तरी बर्फात पाठवून मागवतो.

ज्यांना बेगमी परवडत नाही

इथे कोणी म्हणेल, ठीक आहे, मग सगळ्यांनी साठा करावा. सरकारी सल्लाही तोच आहे: घरात काही दिवस पुरेल इतकं न नासणारं अन्न ठेवा, माणशी रोज एक गॅलन पाणी ठेवा. रेड क्रॉस तर घरासाठी दोन आठवड्यांचा साठा सांगते. सल्ला योग्य आहे. पण तो पाळायला एकरकमी पैसे लागतात, गाडी लागते, जागा लागते. फेडरल रिझर्व्हच्या २०२३च्या पाहणीत ३७ टक्के प्रौढांनी सांगितलं की अचानक ४०० डॉलरचा खर्च आला तर तो पूर्णपणे हातातल्या पैशांतून भागवता येणार नाही. त्यांना दोन आठवड्यांचा किराणा एकदम भरा म्हणणं सोपं आहे.

सरकारी अन्नसाहाय्य, म्हणजे स्नॅप, कार्डावर महिन्यातून एकदा जमा होतं. न्यूयॉर्क राज्यात, शहर सोडून इतरत्र, पहिल्या नऊ दिवसांत. महिन्याच्या मध्यापर्यंत देशभरात त्यातली बहुतेक रक्कम खर्च झालेली असते. वादळ तारीख बघून येत नाही. २५ तारखेला इशारा आला तर त्या घराने साठा कशातून करायचा? शिवाय त्या कार्डावर गरम तयार अन्न विकत घेता येत नाही. दुकानातलं गरम भाजलेलं चिकन चालत नाही, तेच थंड करून ठेवलेलं चालतं. गरम खाण्याची 'कोझी' मजा कोणासाठी आहे हे नियमातच लिहून ठेवलंय.

हे सगळं एका ठिकाणी एकत्र आलं तर काय होतं, ते डिसेंबर २०२२मध्ये बफेलोत दिसलं. नाताळच्या तोंडावर आलेल्या त्या वादळाची सूचना हवामान खात्याने काही दिवस आधीच दिली होती, पिढीत एकदा येणारं वादळ अशा शब्दांत. तरीही २३ डिसेंबरला, शुक्रवारी, वाहनबंदी लागू झाली ती सकाळी साडेनऊला. तोवर लोक कामावर निघालेले होते. पुढे सुमारे ३७ तास वादळाने उसंत घेतली नाही, विमानतळावर ५० इंचांहून जास्त बर्फ मोजला गेला. त्या एका परगण्यात चाळीसहून अधिक माणसं गेली. कोणी गाडीत, कोणी रस्त्यावर, कोणी वीज आणि ऊब गेलेल्या घरात. खाण्याचं सामान आणायला बाहेर पडलेला माणूसही त्यांत होता. मृतांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याहून बरंच जास्त होतं.

त्यांची मोठी वस्ती शहराच्या पूर्व भागात आहे. तिथे जेफरसन अॅव्हेन्यूवर एक सुपरमार्केट आहे. ते मिळवायला रहिवाशांना वर्षानुवर्षं मागणी करावी लागली, तेव्हा कुठे २००३मध्ये ते उघडलं. १४ मे २०२२ला एका वंशद्वेष्ट्याने गोळीबार करून दहा कृष्णवर्णीयांना मारलं, ते याच दुकानात. दुकान दोन महिने बंद राहिलं, आणि परिसरात तोडीचं दुसरं दुकान नसल्याने माणसांना किराण्यासाठी बसने लांब जावं लागलं. सात महिन्यांनी त्याच वस्तीवर हे वादळ आलं. आता सांगा, वादळाच्या आदल्या रात्री शिफ्ट संपवून, बस पकडून, उरलेल्या दोन पावांसाठी धावणाऱ्या माणसाच्या फोटोवर 'लोक वेडे झालेत' लिहायची आपली लायकी आहे का?

आता आपल्याबद्दल

आपण, म्हणजे ज्यांचा पगार पंधरवड्याला न चुकता जमा होतो, ज्यांच्याकडे कपाट आहे, फ्रीझर आहे, बहुधा गाडीही आहे. आपण साठा करत नाही, कारण आपल्याला करावा लागत नाही. आपल्यासाठी साठा दुसरं कोणीतरी पाठीवर घेऊन येतं.

मी पूर्वी जिथे काम करत होते, त्या कंपनीने एका हिमवादळाच्या दिवशी सगळ्यांना मेल पाठवला. पहिल्या ओळीत: रस्ते धोकादायक आहेत, कोणीही ऑफिसला येऊ नये. दुसऱ्या ओळीत: घरी जेवण मागवण्यासाठी २५ डॉलरचं कूपन सोबत जोडलं आहे. रस्ता माझ्यासाठी धोकादायक आणि माझं सूप आणणाऱ्यासाठी नाही, हे इतक्या निरागसपणे एकाच मेलमध्ये लिहिलेलं होतं. चॅनलवर टाळ्यांचे इमोजी पडले. मराठी ग्रुपवर त्याच दुपारी चर्चा होती की आज बिर्याणी कोण पोचवतंय.

न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर बिल डी ब्लासिओ यांनी जानेवारी २०१५च्या वादळात एक साधी गोष्ट जाहीर सांगितली होती: जेवण पोचवणारी सायकल हे काही आपत्कालीन वाहन नव्हे. रात्री अकरानंतर रस्ते बंद, त्यात डिलिव्हरीही बंद. ते वादळ शहरावर अंदाजापेक्षा हलकं गेलं, मग लोकांनी त्यांची टिंगल केली. पण वाक्य अजूनही खरं आहे, आणि ते महापौराला सांगावं लागलं ही शरमेची गोष्ट आहे.

यावर एक उत्तर हमखास येतं: 'आम्ही मागवलं नाही तर त्यांचे पैसे बुडतील. आम्ही टिप जास्त देतो.' हा मुद्दा पोकळ नाही. वादळाच्या दिवशी दर चढतात आणि अनेक जण त्याच हिशोबाने बाहेर पडतात. पण मग तो हिशोब पूर्ण करा. मजुरी इतकी कमी ठेवायची की माणूस बर्फावरून सायकल घसरवत येईल, आणि मग त्याच्या गरजेला त्याची मर्जी म्हणायचं, हे दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं आहे. हात मोडला तर टिप किती दिवस पुरेल? न्यूयॉर्कमध्ये अॅपवर काम करणाऱ्यांनी संघटित होऊन किमान मोबदल्याचा नियम मिळवला, तो २०२३च्या अखेरीस लागू झाला: टिप सोडून तासाला सुमारे १८ डॉलर. उपाय असे असतात. बंदीच्या दिवशी काम बंद आणि त्या दिवसाची भरपाई चालू, ही पुढची मागणी असायला हवी. तिच्या जागी आपण पाच डॉलरची टिप ठेवतो आणि स्वतःला दयाळू समजतो.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. म्हातारी माणसं, आजारी माणसं, व्हीलचेअरवरची माणसं, तान्ह्या बाळाची एकटी आई, यांना वादळातही पोचवणारं कोणीतरी लागतं. अगदी मान्य. म्हणूनच धडधाकट माणसांनी त्या रांगेतून बाजूला व्हावं. रस्त्यावर येऊ शकणारी जी चार माणसं आहेत, त्यांच्यापैकी दोघं आपल्या बबल टीमध्ये अडकलेली नसावीत.

आणि हे वाचणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मित्रांनो, तुमच्याकडे बर्फ पडत नाही म्हणून निसटू नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ही अॅप्स नव्हती. आज तसा पाऊस आला तर 'पावसामुळे थोडा उशीर होईल' असा संदेश झळकेल, वर काही रुपये लागतील, आणि गुडघाभर पाण्यातून कोणीतरी कोथिंबिरीची जुडी घेऊन येईल. दहा मिनिटांत.

मग करायचं काय

फार मोठं काही नाही. ज्यांना परवडतं त्यांनी बेगमी ऑक्टोबरात करायची, वादळाच्या आदल्या संध्याकाळी नाही. दर फेरीला एखादी वस्तू जास्तीची घ्या, महिन्याभरात पलंगाखालचा एक खोका भरतो. दोन किलो तांदूळ, किलोभर मूगडाळ, बेसन, राजम्याचे डबे, दूध पावडर. इथे अनेक घरांत शेगडी विजेची असते आणि वीज जाते, म्हणून न शिजवता खाता येईल असंही काही हवं: दडप्या पोह्यांचे पातळ पोहे, चिवडा, भडंग, गूळ-शेंगदाणे, पीनट बटर. हाताने चालणारा डबा-कापू विसरू नका, नाहीतर राजमा समोर असून उपास. आणि कितीही थंडी वाजली तरी कोळशाची शेगडी घरात पेटवू नका, त्यातून निघणाऱ्या विषारी वायूने माणसं मरतात.

याचा फायदा आपल्याला आहेच, पण खरा फायदा फळीला आहे. आपण साडेतीन हजारांच्या त्या गर्दीतून कमी झालो, की रात्री साडेनऊला शिफ्टवरून येणाऱ्याला दूध मिळण्याची शक्यता वाढते. आमच्या भाषेत सांगायचं तर ज्यांच्याकडे लोकल कॅश ठेवायची ऐपत आहे त्यांनी ती ठेवावी, म्हणजे ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी सर्व्हर उभा राहील.

इशारा आला की दुकानाऐवजी शेजारच्या दाराकडे जा. वरच्या मजल्यावरच्या आजींकडे औषधं आहेत का, खालच्या विद्यार्थ्यांकडे काही खायला आहे का, एवढं विचारा. बंदी असेपर्यंत अॅप उघडू नका. ऑफिसने कूपन पाठवलं तर उत्तरात लिहा की ही रक्कम फूड बँकेला द्या, आणि हे सगळ्यांना दिसेल अशा चॅनलवर लिहा. थोडं अवघडल्यासारखं होईल. होऊ दे.

आणि त्या दिवशी पिठलं करा. बेसन, कांदा, लसूण, मिरची, बस. घरात होतं त्यातून झालं, कोणाला बर्फात उतरावं लागलं नाही. जिवाला बरं वाटायला हवं असेल तर निदान एवढी अट त्या पदार्थाने पाळली पाहिजे.